शाईने तांब्या-पेला काढला की सपाट दिसतो. नेमकं काय चुकतं?

बहुतेक वेळा चूक छटेत नसते, काठाच्या आणि बुडाच्या लंबगोलात असते. तांब्याकडे आपण थोडं वरून बघतो, तेव्हा तोंडाचा लंबगोल चपटा दिसतो आणि बुडाचा त्या मानाने फुगीर, कारण बूड नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतं. नवशिके नेमकं उलटं करतात: तोंड गोल गरगरीत आणि बूड सरळ रेघेचं. मग वरून कितीही रेघा मारा, तांब्या उठत नाही.

आधी एचबी पेन्सिलने हलकी उभी मध्यरेषा ओढा. तोंड, गळा, पोट, बूड यांच्या रुंदीच्या खुणा तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर करा. लंबगोल पूर्ण काढा, मागची न दिसणारी बाजूसुद्धा. त्याची टोकं बदामासारखी अणकुचीदार नकोत. कागद उलटा फिरवून पाहा, एक बाजू फुगली असेल तर लगेच कळतं. चकाकीची जागाही पेन्सिलनेच आखून ठेवा. नंतर तिथली शाई निघत नाही.

बाह्यरेषेला ०.३ मिलिमीटर टोकाचं वॉटरप्रूफ पेन, छटेला ०.१ चं. कागद गुळगुळीत, १८०-२०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). खरखरीत कागदावर बारीक रेघ तुटते. टाकाला, म्हणजे शाईत बुडवून वापरायच्या पेनाला, इंडिया इंक ही काळी शाई उत्तम, पण ती फाउंटन पेनात भरू नका. तिच्यातली लाख वाळली की पेन तुंबतं.

बाह्यरेषा सगळीकडे सारख्या जाडीची ठेवली तर चित्र कापून चिकटवल्यासारखं दिसतं. उजेडाच्या बाजूला ती मध्येच सोडा, बुडाशी जाड करा. छटेच्या रेघा पोटाच्या वळणाने न्या. दुसरा थर पहिल्याला काटकोनात टाकला तर जाळी दिसते. तीसेक अंशांचा कोन पुरे.

स्टीलचा पेला मात्र सुरुवातीला घेऊच नका. त्यात गडद काळ्या पट्ट्याला लागून कोरा कागद येतो, मधली करडी छटा जवळजवळ नसतेच, आणि समोरची खिडकी न् तुम्ही स्वतःही त्यात वाकडे दिसता. मातीचा माठ घ्या, निदान चिंच न लावलेलं पितळ.

खोडरबर शाई पूर्ण वाळल्यावरच, दहा-पंधरा मिनिटांनी फिरवा. त्याने रेघा किंचित फिक्या होतात, म्हणून बुडाखालची सर्वांत काळी सावली खोडून झाल्यावर भरा.