फाटका आवाज : आधी वायरींची अदलाबदल करा

उजव्या स्पीकरचा आवाज फाटतो म्हणून आपण थेट नवा स्पीकर आणायला निघाला आहात, तर ती खरेदी एक दिवस पुढे ढकला.

अँप्लिफायर बंद करून त्याच्या मागील डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा आणि तेच गाणे तेवढ्याच आवाजात पुन्हा लावा. खरखर त्याच स्पीकरमध्ये राहिली, तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा आहे. ती दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली, तर दोष अँप्लिफायरमध्ये किंवा त्याला सिग्नल देणाऱ्या केबलमध्ये आहे, आणि मग त्या केबलच्या डाव्या-उजव्या पिनांची अदलाबदल करून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. वायर जोडताना तांब्याची सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नका. लातूरला माझा पहिला अँप्लिफायर केसाएवढ्या तारेने जळाला.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोनच:

- बास आणि व्हॉल्यूम दोन्ही शेवटपर्यंत फिरवणे. आवाज फक्त मोठा केल्यावरच फाटत असेल, तर बहुधा काहीच बिघडलेले नसते. अँप्लिफायरची ताकद संपलेली असते.
- व्हॉल्यूमचे बटण फिरवतानाच होणाऱ्या खरखरीला स्पीकरचा दोष समजणे. आपल्याकडच्या उन्हाळ्यातील फुफाटा आत शिरतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करणाऱ्या स्प्रेचा) एक फवारा बहुतेक वेळा पुरतो.

संशय स्पीकरवरच ठरला, तर त्याचा कोन, म्हणजे पुढचा थरथरणारा पडदा, दोन्ही अंगठ्यांनी समान दाबाने हलकेच आत दाबून पाहा. कागदावर नख ओढल्यासारखे घासले, तर व्हॉइस कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) सरकली आहे. अँप्लिफायरच्या आतले ट्रान्झिस्टर तपासण्याच्या भानगडीत सध्या पडू नका.