छत्री लावू की वायर ओढू?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सदराकडे टीव्हीच्या तक्रारी सुरू होतात: डिशची छत्री लावू की केबलची वायर ओढू? बेळगाव भागातल्या, खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या वाचकांचे निवडक प्रश्न यावेळी घेतले आहेत. जाहिरातीत काय म्हटलंय ते बाजूला ठेवा. तुमचं घर कुठे उभं आहे आणि घरात कोणती भाषा कोण बघतं, एवढ्यावर मी उत्तरं दिली आहेत.

आमचं घर जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर. कौलारू घर, बाजूला फणसाची झाडं. जून ते सप्टेंबर डिशचं चित्र सारखं जातं. मेकॅनिक म्हणतो, पावसापुढे इलाज नाही. केबल इकडे येतच नाही. काय करावं?

मेकॅनिक अर्धं खरं बोलतोय. घरगुती डिश कू-बँडवर चालते, म्हणजे साधारण १२ गिगाहर्ट्झ. ही लहर जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची. पावसाचे टपोरे थेंब तिला शोषून घेतात आणि विखुरतात. तुमचा पट्टा कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांत मोडतो, त्यामुळे धो धो सरीत थोडा वेळ पडदा काळा होणारच. ते कुठलीही कंपनी थांबवू शकत नाही.

पण नुसत्या भुरभुरीतही चित्र जात असेल तर दोष पावसाचा नाही, जोडणीचा आहे. उघडीप असताना बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलचं पान उघडा. तिथे स्ट्रेंथ आणि क्वालिटी असे दोन आकडे दिसतात, त्यातला क्वालिटीचा लिहून ठेवा. कोरड्या दिवशीच तो कमी असेल तर पावसासाठी हाताशी काही शिल्लकच उरत नाही.

आता तुमच्या फणसाकडे येऊ. आपण साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहोत आणि हे उपग्रह विषुववृत्तावर, आपल्या पूर्वेच्या रेखांशांवर आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या सगळ्या छत्र्या दक्षिण आणि पूर्व यांच्या मधे बघतात. मात्र प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळ्या जागी आहे. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर. आपल्याकडून ते दक्षिणेपासून थोडे पूर्वेकडे आणि जवळजवळ ७० अंश उंच दिसतात. सन डायरेक्ट आणि दूरदर्शनची फ्री डिश यांचा उपग्रह जीसॅट-१५ आहे ९३.५ अंशांवर, उंची साठीच्या आसपास. एअरटेलचा १०८.२ अंशांवर, म्हणजे बराच पूर्वेला आणि उंची पन्नासच्याही खाली. सिग्नल जितका तिरपा येतो तितका तो पावसातून जास्त अंतर कापतो आणि वाटेत झाडं-माड्या आडव्या येण्याचा संभवही वाढतो. झाडं पूर्वेला असतील तर तुमच्या घराला ८३ अंशांवाला उपग्रह सोयीचा. दक्षिणेलाच उंच झाड असेल तर हिशेब उलटा.

इथे एक फसगत होते. छत्रीची थाळी जिकडे तोंड करून दिसते, तिकडे ती बघत नसते. आपल्याकडच्या छत्र्या ऑफसेट घाटाच्या असतात, त्यामुळे सिग्नल थाळीच्या रोखापेक्षा वीस-पंचवीस अंश वरून येतो. थाळी समोरच्या फांदीकडे बघतेय म्हणून फांदी छाटायला जाऊ नका, आधी वर बघा. आणि फांदी उन्हाळ्यात आड येत नसली तरी पावसाळ्यात ओल्या पानांच्या वजनाने वाकून आड येऊ शकते.

६० सेंटिमीटरच्या थाळीऐवजी ९० ची बसवली तर सिग्नल सव्वादोन पट गोळा होतो. मध्यम सरी तेवढ्यावर निभावतात. वाऱ्यालाही ती जास्त सापडते, म्हणून कौलांवर किंवा वाशाला न लावता भिंतीत किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर पक्की करा. एलएनबीपाशी, म्हणजे थाळीसमोर दांडीवर असलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीपाशी, वायरच्या जोडात पाणी शिरतं, तिथे रबरी टोपी आणि टेप हवीच. आणि वानरं. तुमच्या भागात छत्री हलायला वाऱ्यापेक्षा वानर पुरेसं, तेव्हा ती अंगणात, हाताला येईल अशी लावलेली बरी. पावसात छपरावर चढायची वेळ येत नाही.

आम्ही टिळकवाडीत राहतो. सासूबाईंना मराठी मालिका आणि बातम्या, मुलांना कन्नड कार्टून आणि सिनेमे, यांना क्रिकेट. डिशवाल्याने पत्ता बघून कन्नड पॅक दिला. मराठी पॅक वेगळा घेतला तर बिल फार वाढतं. बेळगावच्या पत्त्यावर मराठी पॅक मिळतच नाही का?

मिळतो. पत्त्यावरून समोर येतो तो फक्त विक्रेत्याच्या यादीतला पहिला पॅक. भाषा पिनकोडला बांधलेली नाही. फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक पे चॅनलची किंमत वेगळी जाहीर होते आणि कुठलंही चॅनल सुटं घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, डिशवर आणि केबलवरही.

तुमचं बिल वाढतं त्याचं कारण दुसरं आहे. मोठ्या वाहिनीसमूहांचे मराठी आणि कन्नड असे वेगवेगळे गठ्ठे असतात, पण त्यांतली हिंदी, खेळाची आणि इंग्रजी चॅनल बरीचशी तीच. दोन्ही गठ्ठे घेतले की एकाच क्रिकेटचे पैसे दोनदा जातात. सीमाभागातल्या घरांची ही सर्रास होणारी लूट आहे आणि ती कुणी मुद्दाम सांगत नाही.

उपाय असा. ज्या भाषेची चॅनल घरात जास्त बघितली जातात तिचा गठ्ठा घ्या. दुसऱ्या भाषेची दोन-तीनच चॅनल सुटी घ्या. गठ्ठ्यात घालायच्या चॅनलची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे ती फार महाग पडत नाहीत. आठवडाभर कागद घेऊन बसा आणि कोण काय लावतं ते लिहा. सासूबाईंची यादी सहसा पाच चॅनलांत आटोपते. एसडी आणि एचडी दोन्ही चालू असतील तर त्यातलं एक काढा.

बिलातली दुसरी रक्कम नेटवर्क फीची, म्हणजे चॅनल घरापर्यंत पोचवण्याच्या आकाराची. पूर्वी ती २०० चॅनलपर्यंत १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे इतकीच घेता येत असे. जुलै २०२४ मध्ये ट्राय या सरकारी नियामक संस्थेने ही मर्यादा उठवली, तेव्हा आता ती किती, हे आधी विचारून घ्या. दुसऱ्या टीव्हीसाठी किती लागते तेही.

निपाणीत वीस वर्षांपासून एकच केबलवाला आहे. मुलगा म्हणतो केबलचा जमाना गेला, डिश घेऊ. सोडावी का?

तक्रार केल्यावर तो माणूस त्याच दिवशी येत असेल तर सोडू नका. हे माझं साधं माप आहे. डिश कंपनीचा कॉल सेंटरवरचा आवाज गोड असला तरी तो शिडी घेऊन येत नाही.

पावसाच्या बाबतीतही केबल सरस. केबलच्या मुख्य केंद्रावर मोठ्या सी-बँड थाळ्या असतात, त्या डिशपेक्षा लांब लहरीवर चालतात आणि त्या लहरीला पावसाचा त्रास फार कमी. केबलची दुखणी रस्त्यावरची: खोदकामात तुटलेली वायर, पडलेली फांदी, गल्लीतला जळलेला अ‍ॅम्प्लिफायर. तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही वीज गेल्यावर चित्र जात असेल, तर वाटेतल्या एखाद्या अ‍ॅम्प्लिफायरला बॅकअप नाही. घरापर्यंत फायबर आली असेल तर वाटेत विजेवर चालणारी यंत्रं कमी असतात. हे एकदा त्यालाच विचारा. त्याच फायबरवर तो इंटरनेटही देत असेल तर दोन्हीचं एकत्र बिल बहुधा परवडतं.

पावती मात्र घ्या, ओळख कितीही जुनी असली तरी. तक्रार नोंदवली की क्रमांक मागा. कंपनीने दाद दिली नाही तर तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, जाताना तोच लागतो. वर्षाचे पैसे एकदम भरण्याच्या योजनेपासून लांब राहा.

उचगावजवळ शेतघरावर फ्री डिश पुरेल का?

राखणीला राहणाऱ्या माणसासाठी पुरेल. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. दूरदर्शनची सह्याद्री (मराठी) आणि चंदना (कन्नड) दोन्ही दिसतात. खाजगी चॅनल लिलावाने येतात-जातात, त्यामुळे आज दिसणारं मराठी चॅनल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. झी मराठी किंवा स्टार प्रवाहसाठी घेणार असाल तर नको.

क्रिकेटची एक गंमत आहे. २००७ च्या कायद्यानुसार भारताच्या महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरतं ठेवलं. त्यामुळे जो सामना फ्री डिशवर फुकट दिसतो, तो तुमच्या शहरातल्या केबलवर डीडीच्या चॅनलवर दिसत नाही.

शहापुरात भाड्याने राहतो, वर्षभरात पुण्याला बदली होईल. काय घेऊ?

डिश. पुण्यात तोच उपग्रह दिसतो, फक्त छत्रीचा रोख थोडा बदलावा लागतो. केबलचा बॉक्स इथेच परत करायचा. बॉक्स भाड्याचा की विकतचा हे आज लिहून घ्या. एका कंपनीचा बॉक्स दुसरीला चालत नाही. जागा बदलण्याचा आकार किती तेही आधीच विचारा, त्यावरची मर्यादाही आता राहिलेली नाही.

आकाश निरभ्र, तरी मार्चमध्ये दुपारच्या आधी रोज काही मिनिटं चित्र जातं. छत्री बिघडली का?

नाही. शिमग्याच्या सुमारास आणि पुन्हा नवरात्राच्या आगेमागे सूर्य काही दिवस बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि छत्रीत त्याचाच गोंगाट भरतो. केबलच्या मोठ्या थाळ्यांचंही तेच होतं. चार-आठ दिवसांत आपोआप थांबतं. तेवढ्यासाठी मेकॅनिकला बोलावून छत्री हलवून घेऊ नका. त्याच्या भेटीचे पैसे जातील आणि नीट लागलेली दिशाही.