अंत्यविधीच्या खर्चाला सरकारी मदत: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझा थोरला भाऊ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होता. पगार 18,000. छातीत कळ येऊन घरातच गेला. त्याला तिथं लागून दोनच महिने झाले होते. अंत्यविधीचा सगळा खर्च मी केला. ईएसआयमधून, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेतून, पैसे मिळतात म्हणे. अर्ज मी करू का?

उत्तर: अर्ज वहिनींच्या नावानं करा. ईएसआयचा अंत्यविधी खर्च कुटुंबातल्या हयात असलेल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला मिळतो. भावावर अवलंबून असलेले आई-वडील असतील तर तेही त्या कुटुंबात धरले जातात, मग अर्ज त्यांच्यातल्या ज्येष्ठाच्या नावानं जातो. प्रत्यक्ष खर्च करणाऱ्याला पैसे मिळतात ते कामगाराला कुटुंबच नसेल किंवा मृत्यूच्या वेळी तो कुटुंबापासून वेगळा राहत असेल तेव्हाच. खर्च करणाऱ्या भावानं किंवा मेहुण्यानं स्वतःच्या नावानं फॉर्म भरला की तो परत येतो आणि त्यात महिना जातो.

दोन महिन्यांच्या नोकरीची काळजी नको, हा लाभ विमाधारक झाल्याच्या पहिल्या दिवसापासून लागू असतो. रक्कम प्रत्यक्ष खर्चाइतकी, पण 15,000 रुपयांच्या वर नाही. त्यासाठी फॉर्म 22 भरावा लागतो. त्यावर भावाचा विमा क्रमांक हवा. ईएसआयचं पेहचान कार्ड सापडत नसेल तर कंपनीच्या कार्यालयातून घ्या. सोबत मृत्यू दाखला, वहिनींचं आधार आणि त्यांच्या स्वतःच्या खात्याचं पासबुक. मुदत मृत्यूपासून तीन महिन्यांची आहे. तेरावं, मासिक, मग वाटण्या असं करता करता ती कधी टळते ते कळत नाही, म्हणून दाखला हातात येताच फॉर्म द्या.

आणि 15,000 वर थांबू नका. भावाचा पीएफ कापला जात होता का, ते आजच विचारा. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पत्नीला पेन्शन मिळण्यासाठी एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. त्याचा फॉर्म 10 डी. पीएफच्या रकमेसाठी फॉर्म 20 आणि पीएफला जोडलेल्या विम्यासाठी फॉर्म 5 आयएफ. हा विमा जास्तीत जास्त 7 लाखांचा असतो. वहिनींना पुढची वर्षं काढायची आहेत, त्यांच्या दृष्टीनं हे अर्ज जास्त मोलाचे आहेत.

प्रश्न: वडील सेंट्रिंगचं काम करायचे. वय 46. बांधकाम कामगाराचं कार्ड आहे. एजंट म्हणतो, अंत्यविधीचे 10,000 मिळवून देतो, त्यातले 3,000 त्याचे.

उत्तर: एजंटाला एक पैसाही देऊ नका. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची अंत्यविधीची 10,000 रुपयांची मदत 50 ते 60 वर्षांच्या नोंदीत कामगारासाठी आहे. 46 व्या वर्षी ती लागूच होत नाही. तुम्ही नैसर्गिक मृत्यूची 2 लाखांची मदत मागा. मृत्यू कामावर झाला असेल तर ती 5 लाख आहे. शिवाय आईला वर्षाला 24,000 रुपये, पाच वर्षांपर्यंत मिळू शकतात.

अडतं ते नूतनीकरणात. ते दरवर्षी करावं लागतं, आणि मृत्यूच्या दिवशी नोंदणी चालू नसेल तर अर्ज नामंजूर होतो. म्हणून कार्डावरची तारीख सगळ्यांत आधी बघा.

प्रश्न: आम्ही कागल तालुक्यातले. चुलते कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरमध्ये वारले, अंत्यविधी गावात झाला. ग्रामपंचायत दाखला देत नाही. शिवाय आधारावर ‘बाळासाहेब’ आणि दवाखान्याच्या कागदावर ‘बाळासो’ आहे.

उत्तर: ग्रामपंचायत बरोबर आहे. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथली असते; दहन कुठं झालं, माणूस कुठला होता, यावर ती ठरत नाही. सीपीआर कोल्हापूर शहरात आहे, तेव्हा चौकशी तिथल्या नोंदणी विभागात करा. घरी मृत्यू झाला असता तर ग्रामपंचायतीनंच नोंद केली असती, आणि मृत्यूच्या कारणाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागलं असतं.

21 दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दर टप्प्याला हेलपाटे वाढत जातात.

नावाचं दुखणं आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे. आण्णासो, बाबासो, दादासो, बाळासो: बोलण्यात एक, कागदावर दुसरं. दाखल करताना गडबडीत जे नाव सांगितलं जातं तेच पुढं मृत्यू दाखल्यावर छापून येतं, आणि मग बँक, पीएफ, तहसील, सगळीकडं ‘ही दोन माणसं वेगळी’ म्हणून अर्ज अडतो. दाखला अजून छापला नसेल तर आधारची प्रत देऊन आत्ताच नाव नीट करून घ्या. छापला असेल तर निबंधकाकडं दुरुस्तीचा अर्ज करता येतो. नाव दुरुस्त झालं की मगच जादा प्रती काढा. निदान पाच लागतात.

प्रश्न: नवरा हमाली करायचा, वय 41. कसलीच नोंदणी नाही. रेशनकार्ड पिवळं आहे. आम्हाला काही मिळेल का?

उत्तर: हो. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला 18 ते 59 वयाचा मुख्य कमावता माणूस गेला तर एकरकमी 20,000 रुपये मिळतात. मृत्यू कशानंही झालेला चालतो. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजनेच्या शाखेत. पिवळं कार्ड आहे म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहेच असं नसतं. यादीतल्या नावाचा दाखला आधी घ्या.

त्यांच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास 436 रुपये कापल्याची नोंद आहे का तेही बघा, ताई. असली तर जीवन ज्योती विम्याचे 2 लाख बँकेतून मागता येतात. 20 रुपये कापले असतील तर तो अपघात विमा, त्याला पोलिसांचे कागद आणि शवविच्छेदन अहवाल लागतो.

दहनाचा खर्च म्हणाल तर कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका पैसे घेत नाही. होळीला शहरातली मंडळं शेणी (गोवऱ्या) दान करतात, त्याही तिथंच कामी येतात. त्यासाठी कर्ज काढू नका.