थ्रॉटल दिला की विमान नाक उचलतं आणि डावीकडे ओढतं, मोटरला किती अंश द्यायचे?

मोटरला कोन द्या, म्हणजे तिचं तोंड किंचित उजवीकडे आणि खाली करून बसवा. मिक्सिंगच्या, म्हणजे थ्रॉटल दिला की रडर (उभ्या शेपटीची हलणारी फळी) आपोआप वळेल अशी रिमोटमध्ये जोडणी करण्याच्या, नादाला लागू नका.

तुम्ही लिहिलंय की १.२ मीटर पंखांचं, रिमोटवर उडणारं फोमचं हाय-विंग ट्रेनर (पंख बॉडीच्या वर असलेलं शिकाऊ विमान) आहे, अर्ध्या थ्रॉटलवर छान उडतं, पण पूर्ण थ्रॉटल दिला की नाक उचलतं आणि डावीकडे ओढतं. मैदानावर एक जण म्हणतो मोटरच्या बोल्टखाली वॉशर लावून ती तिरकी करा, दुसरा म्हणतो रिमोटमध्ये मिक्सिंग असताना मोटर कशाला वाकडी करायची. हा 'वाकडी' शब्द मला २०१३ पासून बोचतोय, म्हणून जरा लांबण लागणार आहे.

मी कुपवाड एमआयडीसीत टूलरूमचा फिटर. वस्तू सरळ आणि काटकोनात असणं ही माझी रोजीरोटी. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत भाच्यासाठी बालसाचं ट्रेनर किट आणलं होतं. बॉडीच्या दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून पाहिल्या तर डावी बाजू पुढच्या टोकाला दीड मिलिमीटर लांब, आणि दोन्हींची पुढची कड वरून खाली तिरकी कापलेली. मला वाटलं, लेझर कटिंग चुकलंय. भाचा नववीत होता. त्याने ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "मामा, इथं लिहिलंय बघा, उजवीकडे २ अंश, खाली ३ अंश." मी त्याला गप्प केलं. दोन्ही बाजू एकत्र धरल्या, कानस मारली आणि कडा काटकोनात आणल्या. मग फायरवॉल, म्हणजे मोटर जिच्यावर बसते ती नाकातली पाटी, चिकटवली. गुण्या लावून दिव्यासमोर धरलं तेव्हा रेघभरही उजेड येत नव्हता. इतकं स्वच्छ काम झाल्याचं समाधान घेऊन झोपलो.

रविवारी सकाळी मिरजेबाहेर ऊस तुटून गेलेल्या एका रानात गेलो. मोटर २२१२, १० इंची प्रॉप (पुढचा पंखा), ३ सेलची लिपो बॅटरी. भाच्याने हातातून सोडलं, मी पूर्ण थ्रॉटल दिला. विमान दहा-बारा फूट गेलं, नाक वर झालं आणि डावीकडे वळायला लागलं. मी उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी फळी) दिला. तेच चुकलं. वेग नव्हताच, डावा पंख बसला आणि विमान फिरून पाचटात घुसलं. पाचट अजून पेटवलेलं नव्हतं म्हणून पुढचा भाग वाचला. डाव्या पंखाचा स्पार, म्हणजे आतला मुख्य दांडा, मात्र मुळापासून तुटला. भाचा प्रॉपचे तुकडे गोळा करत होता, काही बोलला नाही.

आमच्या ग्रुपमध्ये वयाने सगळ्यात मोठे एक अण्णा आहेत. तेलावर चालणाऱ्या ४० साइजच्या ग्लो इंजिनांच्या मॉडेलांवर त्यांची वीस वर्षं गेली, मला उडवायला त्यांनीच शिकवलं. त्यांनी नाक हातात घेतलं, डोळ्याजवळ धरून पाहिलं आणि म्हणाले, "फायरवॉल सरळ आहे. विमानात दोष नाही, तुझा हात अजून बसला नाही." मी ड्रॉइंगमधल्या कोनाचं विचारलं तर म्हणाले, "ते इंजिनासाठी. थरथरणारं, जड धूड असतं ते. बॅटरीच्या मोटरला कशाला वाकडं बसवायचं? डावीकडे जातंय ना, रडरला ट्रिम दे, नाहीतर मिक्सिंग दे." चार जणांसमोर म्हणाले. माझा हात कच्चा होता हे खरंच आहे. पण कारण ते नव्हतं.

प्रॉपला तेल फिरवतंय की बॅटरी, हे हवेला कळत नाही. शेपटीकडून पाहिलं तर प्रॉप घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याच्या वाऱ्याला पीळ असतो, तो उभ्या शेपटीवर डाव्या बाजूने आदळतो आणि नाक डावीकडे ढकलतो. नाक वर असताना उजवीकडचं, खाली येणारं पातं जास्त हवा पकडतं, त्यानेही नाक डावीकडेच जातं. आणि मोटर प्रॉपला उजवीकडे फिरवते म्हणून विमान स्वतः डावीकडे कलतं. वेग कमी आणि थ्रॉटल जास्त, म्हणजे नेमकं हातातून सोडताना, हे तिन्ही एकदम अंगावर येतात. उलट आपल्या मोटरी थ्रॉटल दिला की क्षणात जोर धरतात, तेव्हा कोनाची गरज इथे जास्तच आहे.

आता ट्रिमचं, म्हणजे काडी मधोमध असतानाही फळी थोडी वळलेली ठेवण्याचं. रडरला उजवी ट्रिम दिलीत तर ती थ्रॉटल बंद असतानाही तिथेच राहते. उतरताना विमान उजवीकडे सरकणार. मिक्सिंगमध्ये हे होत नाही, पण मिक्सिंगला दिसते ती फक्त थ्रॉटलची काडी. हातातून सुटलेलं विमान असो की सूर मारणारं, पूर्ण थ्रॉटलला रडर तेवढाच वळतो, आणि त्याचा जोर मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. एका जागी बरोबर बसवलं की दुसऱ्या जागी जास्त होणार. तिरकी मोटर ओढते तेवढ्याच प्रमाणात दुरुस्त करते. ओढ कमी झाली की दुरुस्ती कमी, मोटर बंद की दुरुस्ती बंद. अण्णांना मी हे चहाच्या टपरीवर कागदावर काढून दाखवलंय. त्यांनी कागद घडी करून बशीखाली ठेवला.

स्पार जोडला. कंपनीतून बेव्हल प्रोट्रॅक्टर (कोन मोजायचं साधन) आणला आणि पुढचे चार रविवार एकेक वॉशर लावून उडवलं. एम३ चा साधा वॉशर अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मोटर ज्यावर बसते त्या माझ्या माउंटच्या बोल्टमधलं अंतर ३० मिलिमीटर, म्हणजे एका वॉशरला जवळपास १ अंश. डाव्या बाजूला एक लावला, ओढ कमी झाली. दोन लावले, सरळ. तीन लावले तर चढताना उजवीकडे जायला लागलं. ड्रॉइंगमध्ये दोनच अंश लिहिले होते. घरी येऊन भाच्याला सांगितलं की तुझं बरोबर होतं.

वॉशर डावीकडे, कारण माउंटची डावी बाजू पुढे आली की शाफ्ट उजवीकडे पाहतो. खाली कोन हवा तर वॉशर वरच्या बाजूला. डावं-उजवं नेहमी शेपटीमागे उभं राहून ठरवा. समोरून पाहून उलटे वॉशर लावलेली विमानं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

खालच्या कोनाची गोष्ट वेगळी निघाली, आणि तुमचं नाक उचलण्याचं दुखणं बहुतेक तिथेच आहे. माझं विमान पूर्ण थ्रॉटलला इतकं चढायचं की मी वरच्या बाजूला चार वॉशर घातले. मग थ्रॉटल बंद केला की नाक वर यायचं आणि उतरताना विमान तरंगत रानाच्या पलीकडे जायचं. ही जास्त झाल्याची खूण. एका सकाळी कृष्णाकाठचं धुकं विरेपर्यंत नुसता बसलो होतो तेव्हा लक्ष गेलं: एलेव्हेटर, म्हणजे आडव्या शेपटीची हलणारी फळी, वर ३ मिलिमीटर ट्रिम झालेला. म्हणजे नाक जड होतं. पहिल्या अपघाताच्या धास्तीने मीच बॅटरी पुढे कोंबली होती. नाकाचं वजन कितीही वेगात तेवढंच राहतं, पण वर केलेल्या एलेव्हेटरचा जोर वेग दीडपट झाला की सव्वादोनपट होतो. मग विमान चढणारच, यात मोटरचा काय दोष?

बॅटरी ५ सेंटिमीटर मागे नेली. सव्वानऊशे ग्रॅमच्या विमानात १८५ ग्रॅमची बॅटरी, तोलाचा बिंदू १ सेंटिमीटर मागे आला. पंखाची रुंदी २०० मिलिमीटर, पुढच्या कडेपासून ५० वर असलेला तोल ६० वर बसला. एलेव्हेटर जवळजवळ सरळ झाला आणि चारातले दोन वॉशर काढून टाकले. त्या दिवशी थ्रॉटल बंद केल्यावर विमान किंचित नाक खाली करून, हात न लावता, बांधापर्यंत घसरत आलं.

म्हणून तुम्ही आधी तोल बघा. पंखाला पीळ नाही ना, हे बघा. मग मोटर बंद ठेवून विमान हात न लावता सरळ घसरत येईल असं ट्रिम करा. कोनाला हात त्यानंतर. सुरुवातीला उजवीकडे २ आणि खाली २-३ अंश ठेवा. सकाळी सातच्या आत, वारा नसताना, उंचीवर हळू सरळ उडत असताना एकदम पूर्ण थ्रॉटल द्या आणि काड्या सोडा. कोणत्या बाजूला जातं ते नीट दिसेल. थ्रॉटल बंद केल्यावर नाक धपकन पडलं तर खालचा कोन कमी आहे, वर आलं तर जास्त. सपाट पोटाच्या पंखाचं ट्रेनर थ्रॉटल दिल्यावर थोडं चढणारच, तो त्याचा स्वभाव आहे आणि शिकणाऱ्याच्या फायद्याचा आहे. ते चढणं पूर्ण मारू नका.

कोन मोजायला प्रोट्रॅक्टर नसेल तर प्रॉप आडवा करा, एका पात्याच्या टोकापासून शेपटीच्या मधोमध लावलेल्या टाचणीपर्यंत दोऱ्याने मोजा. मग तेच पातं फिरवून दुसऱ्या बाजूला आणा आणि पुन्हा मोजा. १० इंची प्रॉपला २ अंशाचा फरक ८-९ मिलिमीटर येतो. डावीकडचं माप जास्त आलं पाहिजे. हे करताना बॅटरी काढून ठेवा, नुसता थ्रॉटल खाली असणं पुरेसं नाही.

दोन गोष्टी राहिल्या. वॉशर फक्त चाचणीपुरते. एका बाजूला वॉशर ठेवून बोल्ट आवळले की बोल्ट वाकतात आणि फोमच्या मागची प्लाय चेपते. कोन ठरला की त्या मापाची पाचर करून घ्या, प्लायची चालेल, मी ॲल्युमिनियमची केली. आणि मी लिहिलंय ते पुढच्या मोटरच्या, उजव्या फिरणाऱ्या प्रॉपच्या विमानाबद्दल. प्रॉप उलटा फिरत असेल तर कोन डावीकडे. पुशरचा, म्हणजे मागून ढकलणाऱ्या प्रॉपच्या विमानाचा, हिशोब पूर्ण वेगळा.

मिक्सिंगबद्दल सुरुवातीला फार कडक बोललो. तुमच्या फोमच्या नाकात माउंट साच्यातच बसवलेलं असेल आणि उघडतच नसेल तर थ्रॉटलवर थोडा रडर मिक्स करून काम भागेल. स्पर्धेत उडवणारेही शेवटचा बारीक फरक मिक्सिंगनेच काढतात. पण ते आधी मोटर जागेवर बसवतात. अण्णा अजूनही म्हणतात की मी विमान वाकडं करून उडवतो. माझ्या त्या विमानाची फायरवॉल आजही काटकोनात आहे आणि तिच्यापुढे २ अंशाची पाचर आहे.

तुमच्या माउंटच्या बोल्टमधलं अंतर, बॅटरीची जागा आणि एलेव्हेटर ट्रिममध्ये किती वर आहे, एवढं कळवा. वॉशर किती ते सांगतो.