‘दुसरे कुत्रे दिसले की आमचा बाजी अंगावर धावून जातो’

प्रश्न : आमच्याकडे बाजी नावाचा साडेतीन वर्षांचा कारवानी कुत्रा आहे. गेल्या भाद्रपदात पहाटे संभाजी तलावाच्या बाजूने फिरवून आणताना चार-पाच भटक्या कुत्र्यांनी त्याला घेरले आणि एकाने मागच्या मांडीचा लचकाच तोडला. सात टाके पडले. जखम पंधरवड्यात भरली, परंतु बाजी पूर्वीचा राहिला नाही. शेजारच्या कुत्र्यांशी खेळणारा बाजी आता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कुत्रे दिसले तरी केस ताठ करून, भुंकत त्याच्या दिशेने झेपावतो. गड्डा यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री तर तो पलंगाखालून बाहेरच आला नाही. मागच्या आठवड्यात तो शेजारच्या पॉमेरियनवर तुटून पडला, तेव्हा मी गळपट्ट्याला धरून ओढले, तर त्याने माझ्याच मनगटाला दात लावले. थोडे रक्त आले. मी धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. घरात मुलांशी मात्र तो अत्यंत मायेने वागतो. एका प्रशिक्षकाने काट्यांचा पट्टा घालून ‘गुरगुरला की हिसका द्या’ असे सांगितले आहे, तर सासरे म्हणतात की त्याला शेतावर नेऊन बांधा. बाजीला पुन्हा इतर कुत्र्यांत सोडता येईल का?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : बाजीच्या वागणुकीआधी आपल्या मनगटाविषयी लिहिणे भाग आहे, आणि हा अंक हाती पडेपर्यंत वेळ जाऊ नये म्हणून तेवढा मजकूर आपल्याला पत्राने आधीच कळवला आहे. बाजीला अनोळखी भटक्या कुत्र्यांनी चावा घेतला होता आणि रेबीजची लक्षणे चाव्यानंतर काही आठवड्यांनी, प्रसंगी काही महिन्यांनीही दिसू शकतात. टाके घातले त्या वेळी बाजीला चाव्यानंतरच्या लसी दिल्या गेल्या का आणि त्याआधीचे दर वर्षीचे लसीकरण वेळेवर झाले होते का, हे त्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत पाहावे, ती पुस्तिका घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि रेबीजच्या लसीचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. चावल्यापासून दहा दिवस बाजीच्या खाण्यापिण्यावर आणि वागण्यावर नजर ठेवावी, मात्र ते दहा दिवस उलटण्याची वाट पाहत स्वतःची लस लांबणीवर टाकू नये. घरचे कुत्रे चावले तर काही होत नाही, हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

त्याच फेरीत पशुवैद्यकांकडून बाजीची मांडी आणि चाल तपासून घ्यावी. वरून जखम भरली तरी आतला स्नायू आखडलेला असू शकतो, आणि ज्याला बसता-उठता कळ येते असा कुत्रा दुसऱ्याला जवळ येऊ न देण्याची खबरदारी घेतच राहतो. दुखणे तसेच ठेवून शिकवणी सुरू करण्यात अर्थ नाही.

आता मूळ प्रश्न. बाजी खुनशी झाला आहे असे आपल्या पत्रावरून मला वाटत नाही. तो घाबरलेला आहे. कारवानी ही नजरेने शिकार हेरणारी जात आहे. ससा दिसला की कारवानी भुंकत बसत नाही, मुकाट्याने सुटतो. बाजी भुंकतो, केस ताठ करतो, दुरूनच आरडाओरडा करतो, म्हणजे समोरच्याने जवळ येऊ नये एवढेच त्याला हवे असते. आणि त्याचा हा उपाय दर वेळी लागू पडतो, कारण त्याचे भुंकणे ऐकून समोरचा माणूस आपल्या कुत्र्याला ओढून बाजूला नेतो आणि आपणही बाजीला घेऊन घरी परतता. भुंकले की संकट टळते, हा धडा चार महिन्यांत त्याने किती वेळा गिरवला असेल याचा हिशेब आपणच करून पाहावा. मनगटाच्या चाव्याबद्दल त्याला दोषी धरू नये. झटापटीच्या ऐन भरात गळ्याशी आलेला हात मालकिणीचा की शत्रूचा, हे कुत्र्याला कळत नाही.

काट्यांच्या पट्ट्याला माझा स्पष्ट विरोध आहे. दुसरे कुत्रे दिसताच गळ्यात कळ उठली तर बाजीच्या डोक्यात त्या दोन गोष्टींची गाठ बसेल, आणि समोरचे कुत्रे त्याला आधी होते त्याहून अधिक घातक वाटू लागेल. शिवाय गुरगुर हा त्याचा इशारा आहे. हिसके देऊन तो इशारा बंद पाडला की भीती तेवढीच उरते, फक्त आपल्याला ती कळत नाही, आणि मग कुत्रा काहीही न सांगता चावतो. असे ‘सुधारलेले’ कुत्रे घेऊन माझ्याकडे येणाऱ्या माणसांना आधीच दवाखान्यात टाके पडलेले असतात.

साधनांत दोन गोष्टी हव्यात. कारवानीचे डोके अरुंद आणि मान लांब असते, त्यामुळे तो मागे सरला की साधा पट्टा कानांवरून सहज निसटतो. म्हणून छातीला नीट बसणारा हार्नेस घालून दोरी हार्नेसला आणि रुंद गळपट्ट्याला अशा दोन्ही ठिकाणी अडकवावी. दोरी सहा फुटांची, एकसंध असावी, बटण दाबताच लांबणारी नको. दुसरी गोष्ट म्हणजे जाळीचे मुसके. बाजारात कापडाचे, तोंड आवळून धरणारे मुसके स्वस्तात मिळते, पण कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो, आणि सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा तोंड बांधलेल्या कुत्र्याला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. जाळीच्या मुसक्यात त्याला तोंड उघडता आले पाहिजे आणि पाणीही पिता आले पाहिजे. कारवानीच्या लांब नाकासाठी बहुधा मापाचे करून घ्यावे लागेल. ते एकदम घालू नये. आठ-दहा दिवस नुसते हातात धरून आतल्या बाजूला दह्याचे बोट लावावे आणि त्याला स्वतःहून नाक घालू द्यावे. पट्टा बांधण्याची पाळी नंतर.

शिकवणीचे खरे औषध अंतर हे आहे. बाजीला कुत्रे दिसते, पण अजून अंगात ताण आलेला नाही, असे एक अंतर असते. ते आपल्याला शोधायचे आहे, आणि नजरेच्या जातीचा असल्यामुळे बाजीच्या बाबतीत ते पन्नास-साठ पावलांचे निघाले तरी नवल वाटू नये. एखाद्या शांत, ओळखीच्या कुत्र्याच्या मालकाला मोकळ्या मैदानात त्या अंतरावर भिंतीआड उभे करावे. त्याने कुत्र्याला भिंतीबाहेर आणावे. बाजीला ते पाहू द्यावे. मनात एक-दोन मोजावे आणि मगच उकडलेल्या कोंबडीचा वाटाण्याएवढा तुकडा त्याच्या नाकाशी धरावा. कुत्रे दिसते आहे तोवर एकामागून एक तुकडा देत राहावे आणि ते भिंतीआड गेले की हात थांबवावा. क्रम चुकवू नये. कुत्रे दिसण्याआधीच डबा उघडला तर बाजी एवढेच शिकेल की झाकण वाजले म्हणजे कुत्रे येणार, आणि झाकणाच्या आवाजालाच तो ताठरेल. तुकडे उकडलेल्या अंड्याचे किंवा पनीरचेही चालतील. आपल्याकडे कौतुकाने कुत्र्याला शेंगाचटणी-भाकरीचा घास देतात, तो मात्र नको. त्यातला लसूण कुत्र्याला अपायकारक असतो.

अंतर कमी पडते आहे हे बाजी भुंकण्याच्या कितीतरी आधी सांगतो. तो तोंड मिटतो, जीभ नाकावरून फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, शेपूट ताठ होते आणि क्षणभर तो दगडासारखा थिजतो. आणखी एक खूण हातालाच कळते. एरवी ओठांनी हळूच घेतलेला तुकडा तो दातांनी ओरबाडून घेऊ लागला, की न बोलता, दोरी न आवळता दहा पावले मागे यावे. खायलाच तयार नसेल तर त्या दिवसाची शिकवणी तिथेच संपवावी. एका वेळी पाच-दहा मिनिटे आणि आठवड्यातून तीन-चार वेळा, एवढे पुष्कळ झाले.

काही दिवसांनी असा क्षण येईल की बाजी समोरच्या कुत्र्याकडे पाहील आणि आपण काही न करता मान वळवून आपल्या तोंडाकडे पाहील. तो क्षण आला की अंतर पाच पावलांनी कमी करावे, अधिक नको. पुढे दोन्ही कुत्र्यांना समोरासमोर न आणता मधे रुंद रस्ता ठेवून एकाच दिशेने चालवावे. याला आठवडे नव्हे, महिने लागतील.

तोपर्यंत रोज फिरायला नेलेच पाहिजे हा हट्ट सोडावा, कारण एका पहाटेची झटापट महिन्याभराची मेहनत वाया घालवते. भटकी कुत्री पहाटे आणि रात्री जास्त फिरतात, आणि भाद्रपदाच्या सुमारास माद्यांमागे नरांचे घोळके असतात तेव्हा तर त्या वाटेला जाऊच नये. उन्ह चढल्यावर निघायचे तर हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून पाहावी. आपल्याला टेकवत नसेल तर त्याच्याही पंजांना सोसणार नाही. काही दिवस गच्चीवर जुन्या टॉवेलात खाऊ गुंडाळून वासाने शोधायला लावावे. कारवानीला धावणे लागते हे खरे, पण ते चारी बाजूंनी बंद जागेत. वाटेत कुत्रे अचानक समोर आलेच तर ‘चल, फिर’ म्हणताच वळण्याची सवय आधी घरातल्या घरात करून ठेवावी, म्हणजे उभ्या रिक्षाच्या आडोशाला वेळेवर जाता येईल.

गड्ड्याच्या रात्रीचे आपण लिहिले आहे, ते मला महत्त्वाचे वाटते. भीती कुत्र्यांपुरती राहिलेली नाही असे त्यावरून दिसते. दोन महिन्यांत काहीच फरक पडला नाही तर पशुवैद्यक भीती कमी करणारी औषधे देऊ शकतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. माणसांच्या झोपेच्या गोळ्या अर्ध्या करून देण्याचा प्रकार कृपया करू नये. निर्बीजीकरणाने भीती जात नाही, तेव्हा त्याचा विचार वेगळा करावा.

शेतावर बांधण्याने प्रश्न सुटणार नाही, वाढेल. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळून जाण्याची वाटच उरत नाही, आणि बांधावरून जाणारे प्रत्येक कुत्रे त्याला चालून आल्यासारखे वाटते.

इतर कुत्र्यांत मोकळे सोडण्याची अपेक्षा मात्र आपण सोडून द्यावी. साडेतीन वर्षांच्या कुत्र्याला घरची माणसे आणि एखादा जुना सवंगडी पुरतो. रस्त्याच्या पलीकडून कुत्रे जात असताना बाजी आपल्याकडे पाहून पुढे चालू लागला, तर मी त्याला पूर्ण बरा समजेन. शेजारच्या पॉमेरियनच्या घरी मात्र आजच जाऊन दिलगिरी व्यक्त करावी आणि दोघांच्या फिरण्याच्या वेळा वेगळ्या ठरवून घ्याव्यात.

प्रश्न : मी सत्तरीचा आहे. छोट्या कुत्र्याला घेऊन सकाळी फिरताना भटकी कुत्री चालून आली तर काय करावे? कुत्र्याला कडेवर घ्यावे का?
— एक वाचक, रेल्वे लाइन्स

उत्तर : कुत्री अंगावर आलेली असताना कडेवर घेऊ नये, ती त्याच्यासाठी उड्या मारतात आणि चावा आपल्या हाताला बसतो, शिवाय तोल जाण्याचा धोका आहे. पळू नये. कुत्र्याला पाठीमागे घेऊन भिंतीला पाठ लावावी, जोरात ‘हाड’ म्हणावे आणि समोर छत्री उघडावी. बहुतेक घोळके तेवढ्याने थबकतात. मग त्यांच्याकडे पाठ न करता सावकाश निघावे. झुंज लागलीच तर मधे हात घालू नये. थंडीत आपण खांद्यावर चादर घेऊन निघत असाल तर ती दोन्ही कुत्र्यांवर टाकावी. काही दिसेनासे झाले की पकड क्षणभर ढिली पडते आणि तेवढ्यात दोरी ओढून आपले कुत्रे बाहेर काढता येते. चादर सोडून द्यावी, ती परत घ्यायला वाकू नये.