आपत्ती व्यवस्थापनात सरकारी अधिकारी व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय, नागपुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सरकारी आपत्ती व्यवस्थापनात शिरून निर्णय घेणाऱ्या पदापर्यंत जायचंय, कोणता डिप्लोमा करू? मी महसूल खात्यात नोकरी केली, त्यातले बरेच पावसाळे नियंत्रण कक्षात काढले, म्हणून लिहितो.

डिप्लोम्याचं नंतर बघा. आधी सही कोणाची चालते ते समजून घ्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असतं. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. वेळ पडली तर खासगी गाड्या, जागा ताब्यात घ्यायची सोयही त्याच कायद्यात आहे. रोजचं काम निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी असं पद आहे, पण बहुतेक ठिकाणी ते कंत्राटी. त्या पदावरची माणसं मी जवळून पाहिलीत. जिल्ह्याचा आराखडा त्यांच्या हातचा, रात्रभर फोनवरही तेच, आणि करार संपत आला की पुढच्या आदेशाची वाट बघत बसणारेही तेच. मला याचं फार वाईट वाटायचं. तुमच्यासारख्या तरुणांनी हे माहीत करून घेऊनच त्या पदासाठी अर्ज करावा.

सहीच्या खुर्चीकडे जाणारा रस्ता एमपीएससी-यूपीएससीचा: नायब तहसीलदार, तहसीलदार, उपजिल्हाधिकारी, आयएएस. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी होते. पुढे काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रांत आपत्तींचा धोका कमी करण्याच्या कामात ते गेले, पण त्याआधी बसले होते ते जिल्ह्याच्या याच खुर्चीत.

दुसरा रस्ता वर्दीचा, आणि त्यासाठी तुम्ही योग्य गावात आहात. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे. नागरी संरक्षण महाविद्यालयही त्याच वर्षीचं. ते आता एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, अकादमीत विलीन झालंय. मात्र एनडीआरएफमध्ये थेट भरती नसते. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ अशा दलांतून माणसं तिथे प्रतिनियुक्तीवर येतात. पदवीनंतर यूपीएससीतून या दलांत असिस्टंट कमांडंट होता येतं. ‘एनडीआरएफ भरती’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती विषयाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. चांगलं आहे, पण त्याने थेट खुर्ची मिळत नाही.

आता कामाबद्दल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं. एका बाईंचा फोन आला, पाणी पलंगाला लागलंय, सासूबाई उठू शकत नाहीत. पत्ता विचारला तर त्या घाबरून घराचा रंग सांगत होत्या. लाइट गेलेली, त्या अंधारात रंग कोणाला दिसणार? मी विचारलं, ताई, कोपऱ्यावर दुकान कशाचं आहे? त्यावरून गल्ली सापडली. त्या रात्री नवीन काही ठरवायला वेळच नव्हता. बोट कुठे आहे, तिचं इंजिन शेवटचं कधी सुरू केलं, गोदामाची किल्ली कोणाकडे, जवळचे पट्टीचे पोहणारे कोण, हे मे महिन्यात लिहून ठेवलं होतं तेवढंच हाताशी होतं.

म्हणून मी अधिकारी ओळखतो तो मान्सूनपूर्व बैठकीत. बहुतेक बैठकांत गेल्या वर्षीचीच यादी तारीख बदलून पुढे येते. एका साहेबांनी त्या यादीतले नंबर बैठकीत बसूनच लावायला सांगितले. कितीतरी बंद निघाले, दोन माणसं तर निवृत्त झालेली. मग त्यांनी पाटबंधारेच्या अभियंत्यांना विचारलं, धरणातून विसर्ग सोडण्याआधी किती तास कळवाल, आणि रात्री दोन वाजता कळवणारा माणूस कोण? नरखेड तालुक्यातल्या मोवाडला ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने दोनशेवर माणसं नेली. ते ज्याच्या लक्षात आहे, त्याला हा प्रश्न छोटा वाटत नाही.

आणि पूर म्हणजेच आपत्ती असं धरू नका. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनाच्या काळात आपल्याच शहरात गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ जीव गेले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. आत यायचा रस्ता कोणता, बाहेर जायचा कोणता, पाणी कुठे, हे सगळं आधी ठरवावं लागतं. उन्हाळ्यात उष्माघाताचं नियोजन वेगळंच.

तुमच्या जागी मी असतो तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सुरू करून ‘आपदा मित्र’ या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात केली असती. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. एखाद्या पावसाळ्यात परवानगी मागून एक रात्र तिथे बसता आलं तर बसा. त्यानंतरही हेच करावंसं वाटलं, तर कोणत्या परीक्षेपासून सुरुवात करायची ते इथे विचारा, मी नक्की सांगेन.