त्याचे एक कोटी आणि तुमची सही

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीतल्या विश्रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या माजी विद्यार्थ्याने कुपवाडजवळ हळदीची गोदामं बांधायला घेतली आहेत. वीस जणांचे प्रत्येकी २० लाख, त्याचे स्वतःचे एक कोटी, बँकेचे तीन कोटी. वर्षाला १८ टक्के परतावा. शिक्षक पत्रात विचारतात, ‘तो स्वतःचे एवढे पैसे घालतोय म्हणजे निर्धास्त राहायला हरकत नाही ना?’

सर, आधी त्या एक कोटीचं बघू. ते रोख नाहीत, जागा आहे. तुम्ही जोडलेल्या खरेदीखतात २०२१ची किंमत ३५ लाख आहे. भाव वाढलाही असेल, पण एक कोटी हा आकडा ठरवला कुणी? त्यानेच. शिवाय आठ कोटींवर ३ टक्के व्यवस्थापन शुल्क, म्हणजे २४ लाख, तो पहिल्याच दिवशी उचलणार. ३५तून २४ गेले, उरले ११ लाख. तुमचे २० आहेत.

शेअर बाजाराची नियामक सेबी हिने २०२४मध्ये लघु आणि मध्यम रीटचे (लोकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मालमत्तांत गुंतवणाऱ्या न्यासांचे) नियम केले, त्यात चालवणाऱ्याने योजनेवर कर्ज नसेल तर किमान ५ टक्के आणि कर्ज असेल तर १५ टक्के युनिट्स, म्हणजे हिस्से, पहिली तीन वर्षं स्वतःकडे ठेवायची आहेत. तुमचा व्यवहार त्या चौकटीत बसतच नाही. पण कर्ज आलं की चालवणाऱ्याचे जास्त पैसे अडकलेले हवेत, हे त्यातून घ्या.

१८ टक्के? पाच कोटींवर ९० लाख, तीन कोटींचं व्याज १० टक्क्यांनी ३० लाख. वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास भाडं हवं, म्हणजे महिना दहा लाख, तेही मुद्दल न फेडता. गोदामं चाळीस हजार चौरस फुटांची, म्हणजे फुटामागे २५ रुपये. शेजारच्या गोदामवाल्याला त्याचं भाडं विचारून या.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या शेवटी लिहिलंय, ‘भागीदारीपत्रावर आणि बँकेच्या कागदांवर सह्या झाल्या, ती औपचारिकता होती.’ नाही हो सर! ही एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, नाही, १९३२च्या कायद्याखालची साधी भागीदारी आहे. तिच्या कलम २५ प्रमाणे पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. बँकेचे तीन कोटी थकले तर वसुली तुमच्या हिश्श्यापुरती थांबत नाही. ज्याच्याकडे काही सापडेल त्याचं दार आधी वाजतं, आणि निवृत्त शिक्षकाचं घर, ठेवी लगेच सापडतात. त्या कागदांत वैयक्तिक हमीही असेल तर वेगळीच कटकट. तुम्ही २० लाखांच्या जोखमीचा हिशोब करत बसलात, सही मात्र घरावर केलीत.

सुदैवाने तुमचे पैसे अजून गेलेले नाहीत आणि कर्जही उचललेलं नाही. सोमवारी बँकेत जा, ‘मी भागीदार किंवा जामीनदार राहू इच्छित नाही, माझ्या सहीवर कर्ज वितरित करू नये’ असं लिहून द्या आणि पोच घ्या. मग वकील गाठा. भागीदारीतून निवृत्तीचा करार नुसता आपापसात करून भागत नाही. भागीदारी पेढ्यांच्या निबंधकांकडे सूचना, राजपत्र आणि स्थानिक मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस लागते, नाहीतर बाहेरच्यांच्या लेखी तुम्ही भागीदारच राहता.

विद्यार्थ्याला वाईट वाटेल. वाटू द्या. २० लाख तोवर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचे, की पोस्टात नुसते, ते नंतर बघू.